जुनं सीलंट पूर्ण काढायचं कसं? (आणि बॉनेटवरचं स्वस्तिक)

मुठेकाठचा | शनिवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ची, काळी सेडान, दीड वर्षापूर्वी सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने 'कोटिंग' करून घेतलं होतं असं विकणारा म्हणाला. कसलं आणि कधी, ते त्यालाही सांगता येईना. मी स्वतः गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी पूर्ण गाडीला स्प्रे सीलंट (रंगावर बसणारा, पाण्याचे थेंब धरायला लावणारा पातळ संरक्षक थर) मारलं आणि यंदा मे महिन्यात, घाईत, फक्त दारांना पुन्हा एकदा.

आता अवस्था अशी आहे. छतावर आणि डिकीवर पाणी अजून थेंब धरतं. बॉनेटवर कुठे धरतं, कुठे पसरून बसतं. दारांकडे उन्हात तिरकं बघितलं तर रंगीबेरंगी ओघळ दिसतात, पावसाळ्यात पेट्रोल पंपाबाहेरच्या डबक्यात दिसतात तसे. आणि खरी गंमत पुढे आहे. बॉनेटवर पाणी ओतलं की गेल्या दसऱ्याला आईने कुंकवाने काढलेलं स्वस्तिक उमटतं! रंग नाही, डाग नाही. फक्त तेवढ्या रेघांवर पाणी चिकटून राहतं आणि आजूबाजूला थेंब. सुकलं की गायब.

दिवाळीच्या आत सिरॅमिक कोटिंग लावायचा बेत आहे, बाटली आणून ठेवलीय. 'आधीचं सर्व काढून मगच लावा' एवढंच तिच्यावर लिहिलंय. कसं काढायचं ते आपण समजून घ्यायचं. भांड्यांच्या साबणाने गाडी दोनदा धुतली. थेंब धरणं कमी झालं, म्हटलं जमलं. दोन दिवसांनी पाऊस आला आणि थेंब पुन्हा हजर. डोकं चालेना म्हणून इथे आलो.

इंद्रायणी_थडी | शनिवार, सकाळी ९:४०

फोटो टाका आधी. शुभचिन्ह आपोआप उमटतंय आणि तुम्ही ते काढायला निघालात!

शनिवारचा_धुलाईवाला | शनिवार, सकाळी १०:२५

साबणाने थेंब गेले आणि परत आले, याचा अर्थ सीलंट गेलंच नव्हतं. भांड्यांच्या साबणाचा पातळ थर वर राहतो आणि त्यामुळे पाणी पसरतं. पावसाने तो धुतला गेला की खालचं सीलंट पुन्हा काम करू लागतं. हातानं लावलेलं मेण साबणाने बरंचसं जातं, सीलंट नाही जात.

याच्या उलटही होतं, आणि माझी फसगत तशी झाली होती. माझ्या पांढऱ्या हॅचबॅकवर पाणी पसरायला लागलं म्हणून मी समजलो सीलंट संपलं. मशीन भाड्याने आणायच्या गोष्टी सुरू. आमच्याकडे बोअरचं पाणी आणि ते भयंकर जड, बादलीला पांढरा कडा धरतो. एका रविवारी सहज म्हणून साधं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून एका दारावर लावलं, मिनिटभर ठेवलं आणि भरपूर पाण्याने धुतलं. थेंब परत! सीलंट जिवंत होतं, त्यावर क्षाराची खपली बसली होती. तीन महिने मी उगाच मयताची तयारी करत होतो.

तेव्हा 'काढायचं कसं'च्या आधी 'वर नक्की आहे काय' हे शोधा. तुमच्याकडे पाणी कोणतं? टँकर का?

मुठेकाठचा | शनिवार, सकाळी १०:५१

उन्हाळाभर टँकर. फोटो काढायचा प्रयत्न केला, पण काळ्या रंगात माझा मोबाईल आणि वरची आंब्याची फांदीच जास्त दिसतेय.

रोखठोक_राव | शनिवार, दुपारी १२:०३

आमच्या वडिलांची गाडी अठरा वर्षं चालली. आठवड्याला पाणी, दिवाळीला पॉलिश. सीलंट, सिरॅमिक, ग्राफीन... गाडी चालवायला घेतलीत का आरती करायला?

इंद्रायणी_थडी | शनिवार, दुपारी १२:१०

राव, आरतीमुळेच तर हा धागा निघालाय.

रसायनताई | शनिवार, दुपारी २:३६

कोटिंगच्या धंद्यात नाही, पण रेझिन आणि पेंटच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

'जुनं सीलंट' या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिलं मेण. कार्नौबा ८२ ते ८६ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं. साबण, सॉल्व्हंट, आपलं ऊन, सगळ्यांपुढे ते हळूहळू हार मानतं. दुसरं पॉलिमर सीलंट. यात बहुधा सिलिकॉन पॉलिमर असतात. ते रंगाच्या पृष्ठभागाला धरून बसतात आणि सुकताना काही प्रमाणात एकमेकांना जोडले जातात. जोडले गेल्यावर अल्कोहोलमध्ये विरघळत नाहीत. तिसरं सिरॅमिक, म्हणजे सिलिकाचं कडक जाळं. ते रसायनाने उतरवण्याइतकं जहाल काही लावलं तर खालचा क्लिअरकोटही, म्हणजे रंगावरचा बिनरंगी थरही, त्यात भाजून निघेल, म्हणून ते घासूनच काढतात.

आणि सर्व्हिस सेंटरवाले ज्याला 'टेफ्लॉन' म्हणतात त्याबद्दल एक वाक्य. हा पदार्थ ३२७ अंशांना वितळतो, तव्यावर तो भट्टीत भाजून बसवतात. बॉनेट भट्टीत घालत नाहीत. तेव्हा आधीच्या मालकाचं 'कोटिंग' या जातीचं असेल तर ते सिलिकॉनयुक्त पॉलिशच होतं असं समजून चाला, आणि ते एव्हाना गेलेलंही असेल.

आता आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. इंटरनेटवर सगळे ते 'स्ट्रिपर' म्हणून सांगतात. माझ्या मते त्याचं काम काढण्याचं कमी आणि तपासण्याचं जास्त आहे. पॉलिशमधलं तेल, बोटांचे ठसे, ताजं न सुकलेलं सीलंट हे ते पुसून नेतं. मुरलेलं सीलंट नाही. औषधाच्या दुकानातून शुद्ध आणलंत तर एक भाग आयपीए आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर, जे बॅटरीत घालायला मिळतं तेच. नळाचं किंवा टँकरचं पाणी नको, नाहीतर क्षार काढायला निघालात आणि क्षारच लावलेत असं होईल. निर्जळ आयपीए रंगावर चोळत बसू नका, क्लिअरकोट काही काळ मऊ पडू शकतो आणि मऊ क्लिअरकोटवर कापडाचेही ओरखडे उठतात. शिवाय ते पेट घेतं, हे दिवाळीच्या दिवसांत विशेष लक्षात ठेवा.

स्वस्तिकाबद्दल. पारंपरिक कुंकू म्हणजे हळद आणि चुना. अल्कली लागल्यावर हळद लाल होते हा प्रयोग शाळेत सगळ्यांनी केलाय. ओलं, चुना असलेलं कुंकू रात्रभर बसलं तर खालचं सीलंट खराब होणं अगदी शक्य आहे. बाजारातल्या कुंकवात रंगही काय काय असतात. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने घासल्यामुळे गेलं असंही वाटलं होतं, पण मग रेघा फाटक्या, पसरट झाल्या असत्या. तुमच्या तर ठसठशीत दिसतायत. महत्त्वाचं म्हणजे सुकल्यावर काही दिसत नाही म्हणता. क्लिअरकोट खाल्ला गेला असता तर कोरड्यातही, टॉर्च तिरकी धरल्यावर, कडा दिसल्या असत्या. तेव्हा नुकसान फक्त वरच्या थराचं आहे. उलट आईंनी तुम्हाला फुकटात एक चाचणी करून दिलीय: बॉनेटवर सीलंट कुठे शिल्लक आहे ते स्वच्छ कळतंय.

शनिवारचा_धुलाईवाला | शनिवार, दुपारी ३:०२

ताई, दंडवत. वाचनखूण साठवली.

करवीर_डेंटिंगपेंटिंग | शनिवार, रात्री ९:४८

ताईंनी लिहिलंय ते बरोबर हाय. आम्ही रंगवाले, आम्हाला सिलिकॉनचा वेगळाच ताप. दार ठोकून आणलं, त्यावर सिलिकॉन राहिलं आणि नीट पुसलं नाही, तर फवारलेला रंग जागोजाग मागं सरतो. गोल गोल खड्डे पडतात, आम्ही फिश आय म्हणतो. मग सगळं पॉलिश पेपरनं घासा आणि परत मारा. म्हणून गाडी आली की आधी ग्रीस रिमूव्हर, एका कापडानं लावायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडानं उचलायचं. एकाच कापडानं केलं तर घाण नुस्ती इकडची तिकडं. तुम्ही आयपीए मारतानाबी हेच करा. दोन कापडं.

दोन गोष्टी मात्र करू नका. एक, थिनर. कुणीतरी सांगतंयच 'थिनरचा हात मार, लखलख होतंय'. कंपनीचा रंग एकवेळ सोसंल, पण पॅनेल परत मारलेलं असंल आणि स्वस्तातला एनसी, म्हंजे नायट्रोसेल्युलोज रंग असंल तर तो थिनरनं विरघळून कापडावर येतो, डोळ्यांदेखत. दोन, कोपऱ्यावरच्या दुकानात 'रबिंग मारून द्या' म्हणायचं. भरड रबिंग, वर उन्हात उभी गाडी, वर लोकरीचा पॅड. काळ्या गाडीवर असली गोल गोल जाळी उठती की रात्री दिव्याखाली गाडी बघवत नाही. कंपनीचा क्लिअरकोट असतोय ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस त्याहून जाड. दरसाल रबिंग मारून कुठवर पुरणार?

मुठेकाठचा | रविवार, सकाळी ७:३०

इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, आभार. आज बॉनेटपासून सुरुवात करतोय. माझ्याकडे व्हिनेगर, आयर्न रिमूव्हर, क्ले (रंगावर चिकटलेले कण उचलणारा मऊ गोळा), आयपीए आहे. मेव्हण्याचं डीए मशीन (पॉलिश करायचं) मिळेल, पण मी ते आयुष्यात चालवलेलं नाही. काय आधी, काय नंतर?

शनिवारचा_धुलाईवाला | रविवार, सकाळी ७:५५

सौम्यापासून जहालाकडे. साधी धुलाई. मग व्हिनेगर-पाणी, सावलीत, गार पत्र्यावर. ऑक्टोबरच्या उन्हात साडेनऊनंतर काळं बॉनेट हाताला चटका देतं, तेव्हा आत्ताच उठा. मग आयर्न रिमूव्हर. ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण त्याने जांभळे होऊन ओघळतात. पांढऱ्या गाडीवर सिनेमा दिसतो, काळ्यावर फार दिसणार नाही, वास मात्र सडक्या अंड्याचा येईल, शेजाऱ्यांना सांगून ठेवा. तीनचार मिनिटं, सुकू द्यायचं नाही, धुऊन टाकायचं.

मग हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून अलगद फिरवा. नुसत्या बोटांना गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा लागतो. लागला तरच क्ले. भरपूर शाम्पूचं पाणी मारून, दाब न देता. क्लेचा गोळा जमिनीवर पडला तर सरळ फेकायचा, 'फुंकर मारली की झालं' चालत नाही.

लोकांचा मोठा गैरसमज असतो की क्लेने सीलंट निघतं. क्ले वर चिकटलेले खडे खुडतो. सीलंटचा थर जागोजाग घासून पातळ होतो, पण सगळा निघत नाही. उलट अर्धवट निघाल्याने ठिगळं दिसतात.

रसायनताई | रविवार, सकाळी ८:२०

आणि मशीनला घाबरू नका, डीए फिरतो आणि डुलतोही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. सगळ्यात मऊ फोमचा पॅड, फिनिशिंग पॉलिश, वाटाण्याएवढे चार ठिपके. एकदम सगळ्या बॉनेटवर जाऊ नका. मास्किंग टेपने फूटभर चौकोन आखा, स्वस्तिकाचा एक पाय त्यात येईल असा. तेवढंच करा, आयपीएने पुसा, पाणी मारा. चौकोनात पाणी सगळीकडे सारखं पसरलं आणि स्वस्तिकाचा पाय हरवला, तर सीलंट गेलं. नाही हरवला तर पुन्हा एक हात. त्याहून जहाल पॉलिश लगेच काढू नका.

कडा आणि बॉनेटच्या उंच रेघा यांवर टेप लावा. तिथे रंग आधीच सगळ्यात पातळ असतो.

हडसनपार | रविवार, सकाळी ९:०५

इकडे न्यू जर्सीत हा प्रश्न फेब्रुवारीत आपोआप सुटतो. रस्त्यावर मीठ टाकतात, ते काढायला आपण दर आठवड्याला ब्रश नसलेल्या वॉशमध्ये जातो, आणि ब्रशविना घाण काढायची म्हणून तिथलं रसायन कडक असतं. नोव्हेंबरात लावलेलं सीलंट होळीपर्यंत टिकलं तर नशीब. असो, स्वस्तिकाची वाट बघतोय.

मुठेकाठचा | रविवार, दुपारी १:१५

अहवाल.

व्हिनेगरनेच निम्मं काम केलं. बॉनेटच्या ज्या भागावर पाणी पसरत होतं तिथे थेंब आले, म्हणजे तिथे सीलंट मेलेलं नव्हतं, टँकरने गाडलं होतं. स्वस्तिक मात्र आणखी ठळक झालं! आता चहूबाजूंनी टपोरे थेंब आणि मधे पाण्याचं स्वस्तिक. आई गॅलरीतून बघून हात जोडून गेली.

मग टेपचा चौकोन. पहिल्या हातानंतर पाय पुसट झाला, तरी होता. दुसऱ्या हातानंतर आयपीए मारून पाणी टाकलं, आणि पाणी एखाद्या चादरीसारखं सपाट बसलं. टेपच्या रेषेपर्यंत सपाट, रेषेपलीकडे थेंब. इतकी सरळ सीमा मी जमिनीच्या मोजणीतही पाहिली नाही. पूर्ण बॉनेटला दीड तास लागला. बायको म्हणाली, एवढ्या वेळात दिवाळीचे पंखे पुसून झाले असते.

पण आता घाबरायची गोष्ट. उजवी दोन्ही दारं केली, पॅड पांढुरकाच राहिला. डावं मागचं दार सुरू केलं आणि पॅड काळाकुट्ट. पुसायचं कापडही काळं. घाण असेल म्हणून दुसरं कापड घेतलं, तेही काळं. थांबलोय. मी रंग काढला का?

करवीर_डेंटिंगपेंटिंग | रविवार, दुपारी १:४०

थांबलात ते ब्येस केलंत. रंग काढलाय, पण चूक तुमची नाही. ते दार परत मारलेलं हाय, आणि वर क्लिअर नाही. सिंगल स्टेज काळा, म्हणजे रंग आणि चमक एकाच थरात. क्लिअरकोट असता तर पॅडवर काळं आलंच नसतं, वरचा थर बिनरंगाचा असतोय. दाराच्या आतल्या कडेला रबराजवळ नख फिरवून बगा, टेपच्या रेघेगत बारीक पायरी लागंल.

पॉलिश चालतं त्याला, मशीनबी चालतं. फक्त एकच हलका हात, आणि काळं आलं म्हणून घाबरून जोरानं पुसू नका. थिनर तर लांबच ठेवा.

मुठेकाठचा | रविवार, दुपारी २:०५

लागली पायरी. बिजागराच्या बोल्टवरही काळा फवारा आहे, तो दीड वर्षांत मला दिसला नव्हता. विकणाऱ्याने 'सगळी पॅनेल ओरिजिनल' असं माझ्यासमोर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

रोखठोक_राव | रविवार, दुपारी २:११

बघा, पॉलिशचा हा एक फायदा मात्र मान्य. सेकंडहँड गाडी घेताना आता खिशात पांढरं कापड घेऊन जाणार.

शनिवारचा_धुलाईवाला | रविवार, दुपारी २:३०

राव, विकणारा पॉलिश लावू देणार नाही, लोहचुंबक न्या. पुट्टी जाड असेल तर चिकटत नाही. नुसता रंग असेल तर मात्र त्यानेही कळणार नाही, त्याला पेंट मीटरच हवा.

मुठेकाठचे, दारांवरचे रंगीबेरंगी ओघळ गेले का? मेमधलं सीलंट तापल्या पत्र्यावर आणि जास्त मारलं गेलं असणार. पसरायच्या आत सुकलं.

मुठेकाठचा | रविवार, संध्याकाळी ६:४५

उजवीकडचे मशीनने गेले. डाव्या मागच्या दारावर मशीन फिरवायचं धाडस होईना, तर मेव्हण्याने सांगितलेला उपाय केला: तेच सीलंट ओल्या कापडावर थोडं घेऊन ओघळांवर पुन्हा लावलं आणि अर्ध्या मिनिटात कोरड्या कापडाने उचललं. ओघळ त्यात विरघळून आले. हे माहीत असतं तर मे महिन्यापासून लाजत फिरलो नसतो.

एक बारीक प्रश्न. आरशाखालच्या काळ्या प्लास्टिकवर पॉलिशचे पांढरे डाग पडलेत. टेप लावायची राहिली.

इंद्रायणी_थडी | रविवार, संध्याकाळी ७:००

खोडरबर. थट्टा नाही करत. मुलांच्या कंपासमधलं साधं पांढरं. मग शाम्पू आणि जुना मऊ टूथब्रश.

रसायनताई | रविवार, रात्री ८:१५

ओघळांचा उपाय चालण्याचं कारण म्हणजे नव्या थरातलं सॉल्व्हंट जुन्याला मऊ करतं. सीलंटवर चालतं, सिरॅमिक एकदा कडक झालं की नाही. तेव्हा सिरॅमिक लावताना प्रत्येक पॅनेल दोन बाजूंनी टॉर्च मारून बघा. राहिलेला ठिपका त्याच दिवशी सापडला तर पुसला जातो, आठवड्याने सापडला तर पुन्हा पॉलिश.

आणि त्या डाव्या दारावर आता नवं सीलंट आहे, हे विसरू नका. ते पुरतं सुकायच्या आत, उद्याच, आयपीएने दोन कापडांनी काढा. सिरॅमिक त्यावर धरणार नाही. हाताने हलकं पॉलिश मारायचं असेल तर तेही उद्याच.

दार परत कधी रंगवलंय ते कळलं असतं तर बरं झालं असतं. ताज्या रंगातलं सॉल्व्हंट बाहेर पडायला काही आठवडे लागतात, तोवर त्यावर काही लावत नाहीत. तुमच्याकडे दीड वर्ष आहे म्हणजे ती काळजी मिटली.

मुठेकाठचा | बुधवार, रात्री १०:२०

दार सोमवारी पुसलं, हाताने एक हलकं पॉलिश मारलं, पुन्हा पुसलं. पाणी सपाट. खोडरबर चाललं, मुलीने नवीन मागितलंय. आज सोसायटीच्या पार्किंगच्या टोकाला, रात्री धूळ बसल्यावर, सिरॅमिक लावलं. छत राहिलंय, हात पुरेना, उद्या स्टूल आणतो.

गाडी पुसणाऱ्या मामांना सांगितलंय की आठवडाभर हात लावू नका. ते म्हणाले, 'पगार कापणार का?' नाही म्हटल्यावर खूश झाले.

हडसनपार | बुधवार, रात्री १०:४४

ते सगळं ठीक. उद्यावर दसरा आलाय. स्वस्तिकाचं काय?

मुठेकाठचा | बुधवार, रात्री ११:०२

तह झालाय. कुंकू पुढच्या काचेवर, हार आरशाला, लिंबं चाकाखाली. नारळाचं पाणी बॉनेटवर शिंपडणारच असं आईने सांगून ठेवलंय. मी फडकं घेऊन शेजारी उभा राहणार आहे.